शिलेदार, बारगीर आणि सामाईक रिंगण

पुण्याहून महामार्गाने कोल्हापुराकडे येणाऱ्या प्रवाशाला पंचगंगेचा पूल लागण्याच्या अगोदर शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते, आणि तेथील फौंड्र्यांच्या आवारात वाळूचे जे ढीग पडलेले असतात त्यांकडे त्याचे बहुधा लक्षही जात नाही. परंतु त्या वाळूवर ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांना तिचा कण गोल की कोनदार, तिच्यात माती किती आणि ओल किती, हे ती मुठीत दाबून सांगता येते. अशा वसाहतीत घोडेस्वारीचा विषय काढणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. तथापि घोडेस्वारीचे शिक्षण ज्या रिंगणात दिले जाते ते म्हणजे वाळूने भरलेला एक मोठा आयतच असतो, आणि त्या आयतात उद्भवणारे तंटेही पाळ्यांचे, वेळांचे, देखभालीचे आणि परस्परांच्या आड येण्याचेच असतात. तेव्हा ओल्या-कोरड्या वाळूचा आणि तीन पाळ्यांत चालणाऱ्या यंत्रांचा परिचय असलेल्या शिरोलीकरांना या प्रश्नाचे मर्म इतरांपेक्षा लवकर उमगेल, असे मला मनापासून वाटते.

कोल्हापूरला घोडा परका नाही. छत्रपती शाहू महाराजांची अश्वप्रीती सर्वश्रुत आहे. या जिल्ह्यातील आणि शेजारच्या सांगलीकडील गावोगावच्या जत्रांत घोडागाडीच्या शर्यतीला आजही माणूस लोटतो. अकलूजचा घोडेबाजार आणि दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणारी यात्रा यांना जाऊन आलेले शौकीनही येथे आहेत. परंतु शर्यतीचा घोडा हाकणे निराळे आणि खोगिरावर बसून रपेट शिकणे निराळे. ही विद्या शिकावी, मुलांना शिकवावी, अशी इच्छा अलीकडे मध्यमवर्गीय घरांतही उत्पन्न झाली आहे, आणि तिच्या वाटेतली पहिली अडचण घोड्याची नसून जागेची आहे. घोडा एखाद्याला ऐपतीप्रमाणे स्वतःचा ठेवता येईल किंवा तासाच्या भाड्यानेही मिळेल. परंतु सपाट, निचऱ्याचे, कुंपण घातलेले आणि मऊ वाळूचे रिंगण एकट्याने बांधून एकट्याने राखणे फारच थोड्यांना परवडते. म्हणून रिंगण सामाईक होते, आणि जे जे सामाईक होते त्याला दस्तूर लागतो.

रिंगणाचे लहान प्रमाणभूत माप २० मीटर रुंद व ४० मीटर लांब, आणि मोठ्या स्पर्धांसाठी २० बाय ६० मीटर असे जगभर मानले जाते. ४० मीटरच्या रिंगणाचे क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर भरते. कागदावर ही जागा ऐसपैस दिसते. परंतु तिच्यात चारशे-साडेचारशे किलो वजनाची पाच-सहा जनावरे एकाच वेळी, निरनिराळ्या चालीने आणि निरनिराळ्या दिशांनी फिरू लागली म्हणजे ती किती अपुरी आहे हे कळते. एक स्वार कदम चालीने घोड्याचे अंग मोकळे करीत असतो, दुसरा दुडकीवर असतो, तिसऱ्याला अडथळ्यांवरून उड्या मारण्याचा सराव हवा असतो, चौथा एका कोवळ्या, अद्याप खोगीर न चढवलेल्या घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवीत असतो, आणि या सर्वांच्या मधोमध आठ-दहा वर्षांचे एखादे मूल, रिकिबीत पाय जेमतेम पोचलेले, भाड्याच्या म्हाताऱ्या घोडीवर जीव मुठीत धरून बसलेले असते. या पाचांपैकी कोणाचीही मागणी अवाजवी नाही, आणि तरी पाचही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणे अशक्य आहे.

ही गर्दी रस्त्यावरच्या गर्दीहून वेगळी का, हे कळण्यासाठी घोड्याचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. घोडा हा कळपातला आणि हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरत आलेला प्राणी. त्याचे संरक्षणाचे पहिले साधन पळणे आणि दुसरे दुगाण्या झाडणे. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. दिसत नाही ते फक्त बरोबर पाठीमागचे आणि नाकासमोरचे अगदी जवळचे. त्यामुळे मागून अचानक आलेला घोडा, कुंपणावर फडफडणारा रुमाल, धाडकन उघडलेले फाटक, यांतील कशानेही तो बुजतो. आणि एक बुजला की त्याचे भय पाहून दुसरा बुजतो, मग त्या दुसऱ्याचा स्वार कितीही निष्णात असो. सामाईक रिंगणात एकाच्या चुकीचा दंड दुसऱ्याला भरावा लागतो, आणि तो बहुधा सर्वांत कच्च्या स्वाराच्या वाट्याला येतो. तेथील न्यायाचा सारा विचार या एका वस्तुस्थितीपासून सुरू झाला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

अनुभवी अश्वारोहकांनी यासाठी काही संकेत पिढ्यान्‌पिढ्या घडवले आहेत. समोरासमोर येणाऱ्या दोन स्वारांनी डावा खांदा डाव्या खांद्याशेजारून जाईल अशा रीतीने एकमेकांस ओलांडावे, हा त्यांतला बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा पहिला संकेत. हा आपल्याकडील वाहतुकीच्या नियमाच्या नेमका उलट आहे: आपण रस्त्याची डावी बाजू धरून चालतो, त्यामुळे समोरचा आपल्या उजव्या हाताने जातो. शिरोली फाट्यावरून रोज दुचाकी चालवणारा माणूस रिंगणात उतरला की त्याचा हात सवयीने चुकीच्या बाजूला वळणार, हे गृहीत धरून हा संकेत फाटकाशी ठळक चित्र काढून दाखवला पाहिजे. यांपैकी कोणती बाजू श्रेष्ठ असा वाद करण्यात अर्थ नाही. दोहोंपैकी एकच बाजू सर्वांनी सदासर्वदा धरावी, एवढ्यातच सुरक्षितता आहे. मंद चालणाऱ्याने कुंपणालगतची वाट वेगाने जाणाऱ्यासाठी मोकळी ठेवून आतल्या बाजूने चालावे. पुढच्या घोड्याच्या शेपटीपासून निदान एका घोड्याच्या लांबीइतके अंतर राखावे. आत शिरताना किंवा बाहेर पडताना मोठ्याने सांगावे आणि आतून होकार आल्यावरच फाटक उघडावे. चढणे-उतरणे, पट्टा आवळणे, गप्पा मारणे हे वाटेवर न करता मध्यभागी किंवा बाहेर करावे. लाथ मारण्याची खोड असलेल्या घोड्याच्या शेपटीला तांबडी फीत बांधावी. डोक्यावर शिरस्त्राण नसेल त्याने खोगिराला हातही लावू नये. इतके पाळले म्हणजे अपघात पुष्कळ टळतात. परंतु अपघात टळणे आणि न्याय होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि तंटे बहुधा दुसरीवरून होतात.

आपल्या इतिहासात या तंट्याची एक जुनी आणि अतिशय बोधप्रद प्रतिमा आहे. मराठ्यांच्या घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते. शिलेदार तो, जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगीर तो, ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे. शिलेदाराच्या ठायी मालकीचा ताठा असणे स्वाभाविक होते, आणि बारगिराच्या हाती सरकारचे जनावर असल्यामुळे त्याच्यावर देखरेखीची गरज होती. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी व्यवस्था नोंदवली आहे तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी उतरंड आहे, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आहे. आणि विशेष हे की शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीखाली ठेवले आहे. घोडा ज्याच्या मालकीचा त्याला स्वतंत्र दस्तूर नाही. एकाच मैदानावर एकच अंमल. आजच्या रिंगणात स्वतःचा घोडा बाळगणारा सभासद हा शिलेदार आणि भाड्याच्या घोड्यावर शिकणारा विद्यार्थी हा बारगीर. वर्गणी अधिक भरतो म्हणून शिलेदाराने वाट अडवावी आणि बारगिराने कुंपणाशी थांबून राहावे, हा प्रकार ज्या रिंगणात रूढ होतो तेथे कागदावरचे नियम कितीही सुंदर असले तरी ते व्यर्थ होत.

त्याच काळातला आणखी एक दाखला प्रत्येक तबेल्याच्या दारावर भाषांतर न करता लावावा अशा योग्यतेचा आहे. सन १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या आपल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी जे आज्ञापत्र धाडले, त्यात पावसाळ्याच्या बेगमीसाठी साठवलेला दाणावैरण आजच मनास येईल तसा खर्ची घातला तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरात शिरून दाणा, गवत, भाजीपाला उचलू लागतील, आणि रयत म्हणेल की याहून मोगल बरे, असा कार्यकारणभाव पायरीपायरीने उलगडून दाखवला आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, चिलीम ओढू नये, रात्री दिवा तसाच ठेवून निजू नये, कारण एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी वैरण जळून जाईल, इथपर्यंत त्यातील दूरदृष्टी पोचते. या पत्राचे मोठेपण आज्ञेच्या कडकपणात जेवढे आहे त्याहून अधिक ते तीमागील कारण सांगण्यात आहे. ज्याच्या हाती हुकमाची अमर्याद सत्ता होती त्या राजालाही आपल्या हवालदाराला ‘का’ हे सांगावेसे वाटले. मग दहा-वीस सभासदांच्या एखाद्या मंडळाने नुसत्या मनाईच्या पाट्या का लावाव्यात? कारण समजलेला नियम पाळणाऱ्याच्या बुद्धीला पटतो आणि नियमात न बसणारा प्रसंग आला तरी त्याला योग्य वर्तन सुचते. न समजलेला नियम पाटी दिसेनाशी झाली की संपतो.

महाराष्ट्रात घोड्यांच्या सामाईक जागेचा सर्वांत मोठा आणि बहुचर्चित दाखला अर्थातच मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा आहे. सन १८८३ मध्ये सुरू झालेल्या या मैदानाचा पट्टा १९१४ पासून ९९ वर्षांचा होता आणि तो २०१३ मध्ये संपला. मैदान शर्यतींचे, परंतु सकाळी तेथे घोड्यांचा सराव चालावा, १९४२ साली स्थापन झालेल्या अमॅच्युअर रायडर्स क्लबच्या स्वारांनी रपेट करावी, आणि त्याच परिसरात शेकडो मुंबईकरांनी फिरण्यासाठी यावे, अशी वहिवाट तेथे पडत गेली. ती जमून गेली याचे श्रेय वेळांच्या वाटणीला आणि परस्परांच्या सौजन्याला दिले पाहिजे. मात्र पट्टा संपल्यानंतर दहा वर्षे त्या जमिनीचे भवितव्य लोंबकळत राहिले, आणि अखेर २०२४ साली एकूण २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे, अशी विभागणी ठरली. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात दिसते ते असे की, ज्या जागेवर एका पक्षाचा लेखी हक्क आणि दुसऱ्याचा केवळ वहिवाटीचा प्रवेश असतो, तेथे मुदत संपताच दोघांचेही स्थान डळमळते. म्हणून कोणाला काय मुभा आहे, किती मुदतीची आहे आणि ती कशी नवी करून घ्यावयाची, हे स्नेहभाव टिकून असतानाच कागदावर यावे. शिरोलीसारख्या वसाहतीत औद्योगिक विकास महामंडळाचा भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतो आणि ठरलेल्या उपयोगाखेरीज अन्य उपयोगाला परवानगी लागते, ही गोष्ट येथल्या उद्योजकांना नव्याने सांगावयास नको. रिंगणाच्या बाबतीत ते तीच सावधगिरी सहज बाळगतील.

माथेरानचा दाखला याहून कटू आहे. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोडेवाले, हातरिक्षा ओढणारे आणि पायी चालणारे पर्यटक एकाच तांबड्या वाटेचे वाटेकरी. वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही आणि ई-रिक्षा आणाव्यात की नाही, हे दोन्ही प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि तो मानवी प्रतिष्ठेच्या दृष्टीने उचितच होता. परंतु गुळगुळीत फरशीवर घोड्याची टाप घसरते ही घोडेवाल्याची तक्रार आणि खडबडीत वाटेवर रिक्षा ओढताना छाती फुटते हे रिक्षावाल्याचे दुःख, ही दोन्ही खरी असताना त्यांची गाठ एकमेकांच्या घरच्या ओसरीवर न पडता दिल्लीच्या न्यायासनासमोर पडावी, याचे वाईट वाटते.

याच्या उलट, पोलिसाच्या दंडुक्याशिवाय चालणारे एक रिंगण आपल्याकडे दरवर्षी आषाढात भरते, आणि ते हजारो माणसांच्या मधोमध भरते. आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखी सोहळ्यातील गोल रिंगणात बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा म्हणून त्यावर कोणी बसत नाही. मैदानाभोवती दिंड्या आपापल्या क्रमांकाने उभ्या राहतात, चोपदार वाट आखून देतात. पताका घेतलेले वारकरी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, विणेकरी धावतात, आणि वाट पूर्ण मोकळी झाल्यावर अश्व सोडले जातात. प्रत्येकाला धावण्याचा मान आहे, पण एकाच वेळी सर्वांना नाही. भिन्न वेगाची माणसे आणि जनावरे एका जागेत आणावयाची तर जागेची वाटणी करण्यापेक्षा वेळेची वाटणी करावी, हे तत्त्व येथे इतक्या सहजतेने पाळले जाते की पाहणाऱ्याला तो नियम वाटतच नाही.

रिंगणाच्या दैनंदिन व्यवहारात हे तत्त्व असे उतरेल: शिकणाऱ्यांच्या वर्गाला ठरलेला तास, उड्यांच्या सरावाला ठरलेला तास, आणि उरलेला काळ सर्वांना खुला. लांब दोरीवर घोडा फिरवावयाचा तर त्याचे वर्तुळ लहान रिंगणाची जवळजवळ निम्मी जागा व्यापते. म्हणून खुल्या वेळेत तसे करावयाचे असल्यास आत असलेल्या प्रत्येकाची संमती घ्यावी, आणि प्रत्येकाची म्हणजे त्या आठ वर्षांच्या मुलाचीही. तो भिऊन ‘नाही’ म्हणणार नाही, हे उघड आहे. म्हणून त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याच्या शिक्षकाला लेखी द्यावा आणि त्या नकाराचे कारण विचारू नये. माझ्या सांगण्याचा गाभा हाच आहे. नियम बलवानांना सोयीचा वाटतो की नाही, याने त्याची परीक्षा होत नाही. ज्याला झटकन बाजूला होता येत नाही त्याला त्या नियमाच्या आधाराने निर्धास्त फिरता येते की नाही, याने ती होते. आणि बाजूला होता न येणाऱ्यांत घोडाही आला. दिवसभरात चार वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना पाठीवर घेणाऱ्या भाड्याच्या घोड्याला विश्रांतीचा तास कोणता, हे वेळापत्रकात माणसांच्या तासांइतक्याच ठळकपणे लिहिलेले असावे.

सकाळी सहा ते आठ ही वेळ सर्वांनाच हवी असते, विशेषतः उन्हाळ्यात. ती लिलावाने द्यावी असे सुचवणारे लोक भेटतात, आणि त्यामुळे उत्पन्न वाढेल हेही खरे; परंतु मग ती कायमची शिलेदारांची होईल. ती फिरत्या पाळीने, पंधरवड्यापंधरवड्याने बदलत जावी. कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या मनुष्याला सकाळ मोकळी नसते आणि रात्रपाळी करून आलेल्याला दुपारपर्यंत झोप हवी असते, याचा हिशेब शिरोलीत तरी पाळी लावणाऱ्याने केलाच पाहिजे. एकाच मालकाने सलग तास अडवून ठेवण्यावर मर्यादा असावी. आणि वेळ राखून न येणाऱ्याचा तास पंधरा मिनिटांनी दुसऱ्याला खुला व्हावा.

सामाईक साधनाचा शेवट नासाडीतच होतो, कारण प्रत्येकजण आपला लाभ पाहतो आणि झीज सर्वांच्या माथी मारतो, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ साली मांडला आणि तो पुष्कळ काळ ब्रह्मवाक्यासारखा मानला गेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने कुरणे, मासेमारी, पाटबंधारे यांचे जगभरचे दाखले जमवून १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की जेथे वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, देखरेख करणारा त्यांनाच जबाबदार राहिला, चुकीच्या प्रमाणात शासन चढत गेले आणि तंटा जागच्या जागी स्वस्तात मिटवण्याची सोय होती, तेथे सामाईक साधने शतकानुशतके टिकली. या कार्याबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. धुळे-नाशिककडील पांझरेसारख्या नद्यांवरची फड पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी आणि राखणारा जागल्या हे लाभधारकांनीच नेमलेले, आणि पाणी कमी पडले तर तुटीचा भार सर्वांनी मिळून सोसावयाचा.

रिंगणात हा पाटकरी कोण? कोल्हापुरात याचे उत्तर शोधावे लागत नाही. तालमीत हौद एक, पैलवान अनेक, आणि वस्ताद सांगेल तो शब्द प्रमाण. पण वस्तादाचा शब्द प्रमाण मानला जातो तो त्याने स्वतः त्या मातीत अंग मळवलेले असते म्हणून, आणि नवख्या पोराला दांडग्याच्या हाती तो कधी देत नाही म्हणून. रिंगणाचा मुख्य शिक्षक या योग्यतेचा असावा. त्याला तत्काळ थांबवण्याचा अधिकार असावा; परंतु शिक्षा ठरवण्याचा अधिकार त्याच्या एकट्याकडे नसावा. ते काम तिघांच्या पंचायतीकडे द्यावे, आणि त्या तिघांत एक घोडामालक, एक भाड्याने शिकणारा किंवा त्याचा पालक, आणि तिसरा मोतद्दार असावा. मोतद्दाराच्या समावेशाने काहींना नवल वाटेल. परंतु पहाटे चारला दाणा घालणारा, नाल ढिला झाला हे आवाजावरून ओळखणारा आणि कोणता स्वार घोड्याचे तोंड लगामाने सोलून आणतो हे नेमके जाणणारा तोच असतो. ज्या सभेत त्याला बोलता येत नाही ती घोड्याचे म्हणणे ऐकूच शकत नाही.

शासनाविषयी एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. दंड पैशांत घेऊ नये. पाचशे रुपयांचा दंड एकाला महिन्याच्या शिकवणीइतका जड आणि दुसऱ्याला चहापाण्याइतका हलका. असा दंड बसवला की श्रीमंताला नियम मोडण्याचा परवानाच विकत मिळतो. गमावलेली पाळी मात्र सर्वांना सारखीच झोंबते. पहिल्या चुकीला बाजूला घेऊन समज, दुसऱ्या वेळी रोजनिशीत नोंद, तिसऱ्या वेळी आठवड्याची पाळी बंद, अशी चढती पायरी असावी. फक्त घोड्याला क्रूरपणे मारणारा आणि शिरस्त्राणावाचून मुलाला चढवणारा यांना पहिल्याच वेळी बाहेरची वाट दाखवावी. त्याचप्रमाणे श्रमाचा वाटा. लीद उचलणे, उड्यांचे दांडे जागेवर ठेवणे, कुंपणालगत टापांनी पडलेली चाकोरी दंताळ्याने भरून काढणे, ही कामे प्रत्येक स्वाराने स्वतः करावीत. नोकर आहे म्हणून लीद तशीच टाकून जाणारा माणूस पुढच्या स्वाराच्या वाळूत घाण मिसळतो, आणि ती वाळू कुजून निचरा बिघडला म्हणजे नवी भरण्याचा खर्च सर्वांवर पडतो.

आणि वाळूचे नाव निघालेच आहे तर शिरोलीला एक सावधगिरीची सूचना. फौंड्रीतून निघालेली वापरलेली वाळू येथे मुबलक मिळते आणि ती टाकावयाची कोठे हा कारखानदारांपुढचा खरा प्रश्न आहे. तेव्हा ती रिंगणात भरावी हा मोह साहजिक आहे. तो आवरावा. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते, गाभ्याच्या वाळूत रासायनिक बंधक असतात, आणि ओतकामाच्या धगीने तिचे कण फुटून बारीक धूळ झालेली असते. सिलिकाची ही धूळ फुप्फुसात गेल्याने होणारा सिलिकोसिस येथल्या कामगारांना ठाऊक आहे, आणि दुडकीवर जोराने श्वास घेणारा घोडा व त्याचा स्वार यांना तो धोका देणे कोणत्याही काटकसरीने समर्थनीय ठरत नाही. रिंगणाला धुतलेली, कोनदार कणांची वाळू लागते. गोल कण टापेखाली गोट्यांसारखे सरकतात, कोनदार कण एकमेकांत अडकून आधार देतात. घट्ट पायावर पाच-सात सेंटिमीटरचा मऊ थर पुरतो. याहून खोल झाला तर घोड्याच्या स्नायुबंधांवर ताण येतो, उथळ झाला तर सांध्यांना हादरे बसतात. आणि रोज पाणी मारावे लागते. हे पाणी कोणी मारावयाचे, हा प्रश्न मी पाहिलेल्या बहुतेक सामाईक जागांच्या भांडणाचे मूळ आहे. त्याचे उत्तर दिवसाच्या पहिल्या पाळीवाल्याच्या नावावर लिहून टाकावे, कारण तीच पाळी सर्वांना हवी असते आणि तिच्याबरोबर हे ओझे आले की दोन्ही गोष्टींचा तोल राहतो.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत अवघड नियम पावसाळ्याचा. कोल्हापूरचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, शिरोलीजवळ वाहतूक बंद पडली आणि मालमोटारींच्या रांगा लागल्या. पुराचे वर्ष सोडले तरी जून ते सप्टेंबर उघडे रिंगण निम्मे दिवस चिखलाचे असते, आणि जेथे एखादे छप्पर असेल तेथे दिवसाचे चौदा तास पाच-सहांवर येतात. सर्वांचे तास सारख्या प्रमाणात कापावेत, हे फडाचे सूत्र येथे आधाराला घ्यावे, पण ते जसेच्या तसे लावू नये. पिकाला पाणी कमी मिळाले तर पीक कमी येते. तबेल्यात आठवडाभर बांधून ठेवलेल्या घोड्याला मात्र पोटशूळ उठतो, त्याचे पाय सुजतात, आणि बाहेर काढताच तो पहिल्या स्वाराला पाडतो. म्हणून टंचाईच्या महिन्यांत हिशेब स्वारांचा न करता घोड्यांचा करावा: तबेल्यातील प्रत्येक घोड्याला, तो शिलेदाराचा असो की भाड्याचा, रोज निदान वीस मिनिटे मोकळे चालणे प्रथम, तीन घोड्यांच्या मालकाला त्या हिशेबाने तीन वाटे मिळतील, पण स्वतःच्या सरावाचा वाटा एकच, त्यानंतर उरलेल्या वेळेत शिकणाऱ्यांचा वर्ग, कारण खंड पडला तर त्यांचे शिकलेले विसरते, आणि उड्यांचा सराव सर्वांत शेवटी, वाळूचा ओलावा मोतद्दाराने मुठीत घेऊन पाहिल्यावर. ही यादी मृगापूर्वीच्या सभेत सर्वांसमोर वाचून, ज्यांचे तास सर्वांत अधिक कापले जाणार आहेत त्यांची सही अगोदर घ्यावी.